शहर हुशार झालं, पण ऐकतं कुणाचं?

जुलै 2023 चा पाऊस आठवतो का? पैनगंगा फुगली, डोलाऱ्याच्या पुलाजवळ पाणी चढलं आणि 44 नंबरचा नॅशनल हायवे बंद पडला. त्याच दिवसांत नदीच्या वरच्या अंगाला, यवतमाळच्या महागाव तालुक्यात, आनंदनगर तांड्यावर माणसं पाण्यात अडकली होती. आमच्या घरी एक बातमी तेलुगू चॅनेलवर पाहिली आणि दुसरी मराठी चॅनेलवर. नदी मात्र एकच होती.

माझी आजी तेव्हा जैनथ मंडलातल्या आमच्या गावी होती, नदीपासून फार लांब नाही. तिच्या बटणाच्या फोनवर इशाऱ्याचा मेसेज आला. स्क्रीनवर नुसते चौकोन चौकोन. त्या फोनला तेलुगू अक्षरं दाखवताच येत नव्हती, आणि दाखवली असती तरी आजीला वाचता आली नसती. आजी तेलुगू फाडफाड बोलते, बाजारात तेलुगूतच भाव पाडते. पण चार इयत्ता शिकली ती मराठी शाळेत. "कंपनीचा असंन," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

रात्री फोन वाजला तो तिच्या भाच्याचा. नदीपलीकडं तिचं माहेर आहे. "आत्याबाई, वरून पाणी येऊन राहिलं, ढोरं वर बांधा," एवढंच तो बोलला. ढोरं वर बांधली. सकाळी गोठ्यात गुडघाभर पाणी होतं. म्हणजे आमच्या घरची 'अर्ली वॉर्निंग सिस्टिम' कोण, तर आजीचा भाचा. भाचा नसता तर?

मी पॉलिटिकल सायन्सला आहे. या सेमिस्टरला मला प्रोजेक्टला विषय मिळाला, 'स्मार्ट आणि शाश्वत शहरं'. लायब्ररीत बसून जे काही वाचलं त्यात सेन्सर होते, कॅमेरे होते, डॅशबोर्ड होते, वीज वाचवणारे दिवे होते. सगळं चांगलंच आहे. पण वाचताना डोक्यात सारखे ते चौकोन येत होते. म्हणून हा लेख.

आधी थोडी माहिती. केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी मिशन 25 जून 2015 ला सुरू झालं. 100 शहरं निवडली. प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत 500 कोटी आणि तेवढाच वाटा राज्य आणि पालिकेनं उचलायचा, असा हिशेब होता. प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली एक वेगळी कंपनी काढली. 31 मार्च 2025 ला मिशन संपलं तोवर 8,000 च्या वर प्रकल्प आणि 1.6 लाख कोटी रुपयांच्या वर कामं झाली किंवा हातात होती. सगळ्या 100 शहरांत कंट्रोल रूम उभ्या राहिल्या. मोठ्या पडद्यावर सगळं शहर दिसतं, सिग्नल, कचरागाड्या, पाण्याच्या टाक्या, सगळं.

तेलंगणातून यात वरंगल आणि करीमनगर होते. आपल्या आदिलाबादचं नाव नव्हतं. आपण त्याच दिवशी सुरू झालेल्या 'अमृत' योजनेत होतो, पाणी आणि ड्रेनेजसाठी. मराठी माणसाच्या ओळखीच्या दोन शहरांची नावं तर पहिल्याच 20 शहरांच्या यादीत होती, जानेवारी 2016 मध्ये. एक सोलापूर, दुसरं बेळगाव. या दोन नावांकडं मी पुन्हा येणार आहे.

कुणी म्हणेल, आपण स्मार्ट सिटीत नाही, मग हा विषय आपला कसा? तर असा की मिशन संपलं तरी त्याची पद्धत संपली नाही. ती आता छोट्या पालिकांत येत आहे. घरपट्टी ऑनलाइन, जन्म-मृत्यूचा दाखला ऑनलाइन, तक्रार ॲपवर, इशारा मोबाईलवर. आदिलाबादची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच लाखाच्या वर होती. शहर वाढतंय, बेला, तामसी, जैनथ, भीमपूरकडची माणसं इथं घरं करून राहताहेत. पालिकेचा खिडकीतला क्लार्क हळूहळू जाणार आणि त्याच्या जागी स्क्रीन येणार. खिडकीत एक सोय होती. क्लार्क तेलुगू असो की उर्दूवाला, त्याला आपलं मराठी कळायचं. आदिलाबादच्या कचेरीत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला चार भाषा येतातच. स्क्रीनला दोनच येतात.

आता आमच्या गल्लीची गोष्ट सांगते. नाली तुंबते. तक्रार करायला एक ॲप आहे. भाषा निवडा म्हणतं, तेलुगू किंवा इंग्रजी. गल्लीत बहुतेक घरं मराठी, दोन-तीन उर्दूवाली, एक लंबाडी कुटुंब. सगळ्यांचं ठरलंय, "तू शिकलेली हायस, तूच लिही." मी इंग्रजीत लिहिते, फोटो टाकते, नंबर येतो. कधी माणसं येतात, कधी नुसतंच 'बंद केली' असं दिसतं. ते जाऊ द्या. मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीनं बसला. माझी परीक्षा होती त्या महिन्यात आमच्या गल्लीतून एकही तक्रार गेली नाही. नाली तशीच होती, वास तोच होता, मच्छर तेच होते. पण कुणी त्या महिन्याचा डेटा काढला तर आमची गल्ली सगळ्यात सुखी दिसेल.

इथंच या सगळ्या संशोधनाची ग्यानबाची मेख आहे. स्मार्ट शहर डेटावर चालतं. जिथून तक्रारी जास्त तिथं गाडी आधी, जिथून तक्रार नाही तिथं प्रश्न नाही. उद्या हे ठरवायला एआय बसवलं तर तेही याच आकड्यांवर शिकणार. जो माणूस त्या भाषेत लिहू शकत नाही, तो आकड्यात येतच नाही. मराठी गल्ली गप्प आहे म्हणजे मराठी गल्ली समाधानी आहे, असं मशीन समजणार. मशीनचा दोष नाही. आपण त्याला तेवढंच ऐकवलंय.

हे फक्त आपल्याकडं घडतं असं नाही. अमेरिकेत बोस्टन शहरानं 2012 च्या सुमारास 'स्ट्रीट बंप' नावाचं ॲप काढलं. गाडीत फोन ठेवला की खड्ड्याचा हादरा फोनलाच कळायचा आणि पालिकेला खड्ड्याची जागा जायची. कल्पना भारीच होती. पण तेव्हा स्मार्टफोन श्रीमंत वस्त्यांत जास्त, गरीब आणि म्हाताऱ्या माणसांकडं कमी. म्हणून खड्डे श्रीमंत वस्तीतच जास्त आहेत असं चित्र दिसण्याचा धोका होता. केट क्रॉफर्ड या संशोधक बाईंनी 2013 मध्ये यावर लिहिलं आणि तेव्हापासून डेटाचा पक्षपात समजावताना हे उदाहरण सगळीकडं देतात. तिथं फोनमुळं माणसं गळली. इथं लिपीमुळं गळतात.

बरं, मराठीत तक्रार घ्या हे मागणं म्हणजे उपकार मागणं आहे का? नाही. घटनेचं कलम 350 वाचा. कोणत्याही माणसाला आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडं, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क आहे. 'राजभाषा' असा शब्द तिथं नाही, 'वापरात असलेली भाषा' असं आहे. तेलंगणात मराठी वापरात नाही असं कोण म्हणेल? बेल्याच्या बाजारात एक तास उभं राहावं त्यानं.

दुसरी गोष्ट 1956 ची. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची नवी रचना झाली. हैदराबाद राज्यातला आपला जिल्हा आंध्र प्रदेशात आला, किनवट आणि राजुरा तिकडं गेले. घरं तुटली नाहीत, फक्त मधून रेघ गेली. अशा रेघेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्यांसाठी केंद्रानं त्याच वर्षी एक निवेदन काढलं. त्यात म्हटलंय की जिल्ह्यात किंवा त्याहून लहान भागात, म्हणजे तहसील किंवा नगरपालिकेत, एखाद्या भाषेचे अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत छापावेत. पुराचा इशारा ही महत्त्वाची सूचना नाही तर मग कोणती? 1956 मध्ये सूचना कागदावर यायची म्हणून 'छापावी' असा विचार झाला. आज ती मोबाईलवर येते. कागद गेला म्हणून हक्क गेला असं होत नाही.

आता सीमेचं बघा. डिसेंबर 2023 पासून तेलंगणाच्या बसमध्ये आम्हा बायकांना झिरो तिकीट आहे. तेलंगणाचा पत्ता असलेलं आधार दाखवायचं. मी कॉलेजला तशीच येते आणि ही योजना मला मनापासून आवडते. पांढरकवड्याला मावशीकडं जाते तेव्हा कंडक्टरच्या हातातल्या मशीनला बरोबर माहीत असतं की फुकट कुठपर्यंत आणि पैसे कुठून. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीपुरतं. म्हणजे सीमा कुठं आहे हे मशीनला मीटरमध्ये कळतं. त्या सीमेवर राहणारा माणूस कोणती भाषा बोलतो, तेवढंच कळत नाही.

आपल्या शेजारी जिवती तालुक्यात महाराजगुडा आहे. दोन्ही राज्यं सांगतात ती 14 गावं, त्यातलं एक. तिथल्या एका घरातून हद्द जाते, काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात, कर दोन्हीकडं. डिसेंबर 2022 मध्ये देशभरच्या चॅनेलनी ते घर गंमत म्हणून दाखवलं. मला त्यात गंमत दिसली नाही. तिथल्या लोकांकडं रेशन कार्ड दोन, मतदार कार्ड दोन. दोन राज्यांच्या दोन सिस्टिम एका माणसाला दोनदा मोजतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत.

बोलता येत नाही असंही नाही. पैनगंगेवर चनाका-कोरटा बंधारा बांधायचा होता तेव्हा दोन्ही राज्यांनी ऑगस्ट 2016 मध्ये करार केलाच ना? पाणी वाटायला टेबलावर बसता येतं, तर पाण्याचा इशारा वाटायला का नाही? इसापूरच्या धरणातून पाणी सोडलं की ते खाली आपल्याच दारात येतं. तिकडच्या गावांना ज्या मराठीत सांगायचं, तोच मेसेज नदीच्या अलीकडच्या टॉवरवरही सोडता येतो. तेलुगूत पण, मराठीत पण. त्याला नवीन धरण लागत नाही.

आता जे प्रश्न मला वर्गात विचारले गेले ते तुम्हालाही विचारतील, म्हणून आधीच बोलू.

पहिला प्रश्न: तेलंगणात राहता, मग तेलुगू शिका ना. शिकलो की! मी तेलुगू बोलते, वाचते, लिहिते. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना येतं. प्रश्न माझा नाही, आजीचा आहे. सत्तरीच्या बाईला पूर यायच्या आधी नवी लिपी शिकवायची का? आणि तेलुगू काढा असं आपण म्हणतच नाही. तेलुगू राहू द्या, मराठीची ओळ जोडा. तेलंगणात 2017 पासून उर्दू राज्यभर दुसरी राजभाषा आहे. दुसरी लिपी आली म्हणून तेलुगूचं काही बिघडलं नाही.

दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. एका तेलुगू मित्रानं विचारलं, "सोलापूरचं काय?" मी गप्प झाले, कारण बरोबर होतं त्याचं. सोलापूरची चादर जगभर गेली ती पद्मशाली विणकरांच्या हातानं, आणि ते तेलुगू बोलणारे. सोलापूर स्मार्ट सिटी झालं. तिथल्या तेलुगू आजीला इशारा तेलुगूत मिळायला हवा की नको? हवाच. आपण आदिलाबादला जे मागतो तेच सोलापूरला त्यांच्यासाठी मागता आलं पाहिजे, नाहीतर आपली मागणी हक्काची राहत नाही, नुसती हट्टाची होते. आणि हेच बेळगावबद्दल कर्नाटकाला सांगायचं. सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पालिकेचा कागद, बसची पाटी आणि ॲपची स्क्रीन मराठीतही असावी यासाठी निकालाची वाट बघायची गरज नाही. कलम 350 दोन्हीकडं सारखंच आहे.

तिसरा प्रश्न: मराठीच का? गोंडी, कोलामी, लंबाडी बोलणाऱ्यांचं काय? हा जिल्हा आधी त्यांचा आहे. खरं सांगायचं तर आपण मराठीवाले इथं फार वेळा चुकतो. आपली भाषा डावलली की ओरडतो, आणि उटनूरहून आलेल्या गोंड बाईशी मात्र कुणी गोंडीत बोलत नाही हे आपल्याला दिसत नाही. मागणी सगळ्यांची मिळूनच करायला हवी. त्यानं आपलं वजन कमी होणार नाही, वाढेल.

चौथा प्रश्न पैशाचा. लोखंडी पाटीवर भाषा वाढवायची तर पाटी मोठी लागते, हे मान्य. सॉफ्टवेअरमध्ये तसं नसतं. केंद्र सरकारचंच 'भाषिणी' 2022 पासून आहे, मराठीसकट भारतीय भाषांत बोललेलं लिहून आणि भाषांतर करून देतं. आदिवासी कार्य मंत्रालयानं 2025 मध्ये 'आदि वाणी' आणलं, त्यात गोंडी आहे. ही साधनं चुकतात, मी वापरून पाहिलं, आपल्या इकडच्या बोलीला तर फारच गोंधळतात. पण आजी बोलेल आणि पलीकडच्या कर्मचाऱ्याला तेलुगूत दिसेल, एवढं आज होऊ शकतं. चूक दुरुस्त करायला शेवटी माणूस ठेवावा. तसं माणूस ठेवायचं काम आदिलाबादमध्ये अवघड नाही, इथं चार भाषा येणारी पोरं गल्लोगल्ली रिकामी बसली आहेत.

बार्सिलोना शहरानं 2016 मध्ये लोकांनी सूचना द्याव्यात, बजेटवर बोलावं यासाठी एक व्यासपीठ काढलं, 'डेसिडिम'. शब्द कातालान भाषेतला, अर्थ 'आपण ठरवतो'. स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीत याच कातालानला सरकारी कारभारातून हाकललं होतं. आज तेच सॉफ्टवेअर जगातली कितीतरी शहरं आपापल्या भाषेत फुकट वापरतात. म्हणजे तंत्रज्ञान लोकांच्या भाषेतून सुरू होऊ शकतं. भाषा शेवटी चिकटवायची गोष्ट नाही.

स्मार्ट शहर मोजायचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 37122, 2019 चं. त्यात शिक्षणाखाली एक निकष आहे, शहरातल्या किती टक्के लोकांना एकापेक्षा जास्त भाषा कामापुरत्या चांगल्या येतात. वाचून मला हसू आलं. आपल्या भाजी मंडईत हा निकष लावा, पहिला नंबर नाही आला तर सांगा. माणसं कधीचीच स्मार्ट आहेत. सिस्टिमनं आता त्यांच्या बरोबरीला यायचं आहे.

तर करायचं काय? मोर्चा वगैरे नंतर बघू. दर सोमवारी कलेक्टर कचेरीत प्रजावाणी असते. तुमच्या गल्लीचा एक खरा प्रश्न घ्या. नाली, दिवा, पाणी, काहीही. मराठीत लिहा, स्वच्छ अक्षरात, एका पानात. वर लिहा, 'घटनेच्या कलम 350 नुसार मराठीत सादर'. ज्यांना तेलुगू येतं त्यांनी खाली तेलुगूत चार ओळींचा सारांश जोडा. अधिकाऱ्याला अडवायचं नाही, आपलं म्हणणं पोचवायचं आहे. पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट, आणि जपून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. आपण त्यांच्या वतीनं इंग्रजीत लिहीत राहिलो तर सरकारला ते कधीच दिसणार नाहीत. माझं स्वतःचं हेच चुकलं. गल्लीचं काम व्हावं म्हणून मी लिहीत गेले आणि माझ्या इंग्रजीमागं अख्खी मराठी गल्ली झाकली गेली.

मागच्या सोमवारी मी आजीला घेऊन गेले. नदीकाठच्या गावांना पुराचा इशारा मराठीतही द्यावा, आणि बटणाच्या फोनसाठी आवाजात द्यावा, असा अर्ज. आजीनं सांगितला, मी लिहिला, तिनं सही केली. टेबलामागच्या बाई आधी म्हणाल्या, तेलुगूत आणा. मी कलम दाखवलं. त्यांनी ते वाचलं, वरच्या साहेबांना विचारून आल्या, आणि अर्ज घेतला. नंबर दिला. आजीनं पावती पदराला बांधली.

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आता समोरून फोन आला तं मराठीत येईन का व?"

माहीत नाही, आजी. पण या महिन्याच्या आकड्यात आपण आहोत. पुढच्या सोमवारी तुम्ही कोण कोण येताय?